तज्ज्ञ, पण कशातला?

वर्तमानपत्रांत, फलकांवर आणि शासकीय पत्रकांतसुद्धा ‘तज्ज्ञ’ हा शब्द अनेकदा ‘तज्ञ’ असा, एक ‘ज’ गाळून लिहिलेला आढळतो. ही चूक का होते, हे आधी समजून घ्यावे, कारण तिच्या मुळाशी गेल्यावर या शब्दाचा सगळा अर्थच हाती लागतो. मूळ शब्द ‘तत् + ज्ञ’ असा आहे. संस्कृत संधीच्या नियमानुसार ‘त्’ पुढे ‘ज्’ आला की त्या ‘त्’चाही ‘ज्’ होतो. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’, जगत् आणि जननी मिळून ‘जगज्जननी’, उत् आणि ज्वल मिळून ‘उज्ज्वल’, तसाच हा ‘तज्ज्ञ’. ‘सज्जन’ लिहिताना कोणी चुकत नाही, कारण त्यातला दुहेरी ‘ज’ कानाला ऐकू येतो. ‘ज्ञ’ या जोडाक्षरात वास्तविक ‘ज्’ आणि ‘ञ’ आहेत, परंतु मराठी उच्चारात त्याचा ‘द्न्य’ होतो आणि आतला ‘ज्’ ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते लिहिताना सुटते.

सुटतो तो ‘ज्’ मुळात ‘तत्’मधला ‘त्’ आहे, आणि ‘तत्’ म्हणजे ‘ते’. तज्ज्ञ म्हणजे ‘ते जाणणारा’. नुसता जाणणारा नव्हे, पुष्कळ जाणणारा नव्हे, सगळे जाणणारा तर नव्हेच. त्यासाठी आपल्याकडे ‘बहुज्ञ’ आणि ‘सर्वज्ञ’ असे वेगळे शब्द आहेत. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींना ‘सर्वज्ञ’ म्हणतात, ती श्रद्धेची भाषा आहे आणि तिथे ‘कशाबद्दल’ हा प्रश्न संभवत नाही. तज्ज्ञाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न शब्दाच्या पहिल्या अक्षरातच बसलेला आहे. ‘ते’ म्हणजे कोणते, हे सांगितल्याशिवाय तज्ज्ञ हा शब्द पुरा होत नाही.

आज बोलण्यात या शब्दाची जागा पुष्कळ ठिकाणी ‘एक्स्पर्ट’ने घेतली आहे. करिअर एक्स्पर्ट, ब्युटी एक्स्पर्ट, शेअर बाजाराचा एक्स्पर्ट, आणि घरात ज्याला मोबाईलची सगळी बटणे ठाऊक आहेत तो दहा वर्षांचा मुलगाही एक्स्पर्टच. इंग्रजीतील हा शब्द लॅटिन ‘एक्स्पेरीरी’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ करून पाहणे, पारखून घेणे. त्याचे भूतकाळवाचक रूप ‘एक्स्पर्टस’, म्हणजे ज्याने स्वतः करून पाहिले आहे असा. अनुभव या अर्थाचा ‘एक्स्पीरियन्स’ आणि प्रयोग या अर्थाचा ‘एक्स्पेरिमेंट’ ही त्याचीच सख्खी भावंडे, आणि धोका या अर्थाचा ‘पेरिल’ हा त्याच कुळातील चुलत भाऊ. करून पाहण्यात धोका असतो आणि तो पत्करूनच अनुभव येतो, ही समजूत या शब्दकुळात फार जुनी दिसते.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेषण म्हणून आला. त्या काळी एखादा खलाशी किंवा कारागीर ‘एक्स्पर्ट’ असे, म्हणजे सरावलेला असे. ‘एक एक्स्पर्ट’, ‘दोन एक्स्पर्ट’ असे माणसांना मोजणारे नाम म्हणून तो रुळला तो एकोणिसाव्या शतकात, आणि हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. विशेषण असताना तो कामाला चिकटलेला होता. अमुक कामात सरावलेला, असेच म्हणावे लागे. नाम झाल्यावर तो माणसाला चिकटला, आणि काम बाजूला ठेवूनही ‘हे एक्स्पर्ट आहेत’ असे म्हणण्याची सोय झाली. मराठीतही ‘तज्ज्ञांच्या मते’ हे शब्द वाक्याच्या आरंभी टाकून पुढे वाटेल ते लिहिता येते, ती हीच सोय.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘करून पाहिले’ आहे आणि मराठी शब्दाच्या मुळाशी ‘जाणले’ आहे, म्हणून दोन्ही भाषांचा स्वभावच वेगळा, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. करून पाहिलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘कसलेला गवई’, ‘कसलेला मल्ल’ असे आपण म्हणतो. या ‘कसलेला’चे नाते ‘कस’ आणि ‘कसोटी’ यांच्याशी आहे. सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासून त्याची रेघ पाहतात, तसा जो घासून पाहिला गेला आणि उतरला तो कसलेला. लॅटिन ‘एक्स्पर्टस’चा मराठीत एकाच शब्दाने अनुवाद करावयाचा झाला, तर मी ‘तज्ज्ञ’ऐवजी ‘कसलेला’ हा शब्द निवडीन. कान सोनारानेच टोचावेत, ही म्हणही त्याच अनुभवातून आली आहे. कान टोचण्याचे शास्त्र फारसे अवघड नाही, पण कोवळ्या पाळीत नेमक्या जागी, एका झटक्यात तार घालणारा हात रोजच्या कामाने घडलेला असतो.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची कुळेही अशीच हाताच्या आणि देहाच्या कामांपर्यंत पोचतात. ‘प्रवीण’ची पारंपरिक फोड वीणावादनात श्रेष्ठ अशी केली जाते. ‘कुशल’ म्हणजे कुश गवत तोडून आणणारा. हे गवत धारदार असते, बोट न कापता ते तोडणे हे कौशल्य. अकराव्या शतकातील काश्मीरचे काव्यशास्त्रकार मम्मट यांनी ‘कामात कुशल’ हे उदाहरण घेऊन दाखवले की इथे गवताचा अर्थ मागे पडला असून निपुणतेचा अर्थ रूढीने आला आहे. ‘निष्णात’ म्हणजे खोल पाण्यात नीट न्हालेला. पाणिनीने यासाठी एक स्वतंत्र सूत्रच केले आहे: कौशल्याचा अर्थ असेल तरच ‘नि’ या उपसर्गापुढील ‘स्नात’मधील ‘स’चा ‘ष’ होतो. ‘पारंगत’ म्हणजे पैलतीराला पोचलेला. पाण्यात उतरल्याशिवाय निष्णात होता येत नाही आणि अलीकडच्या काठावर उभे राहून पारंगत होता येत नाही. शब्दांचे निर्माते हे जाणून होते.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांपैकी ‘मुरब्बी’चा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मुरब्बी राजकारणी म्हणजे लोणच्यासारखा मुरलेला, असे आपल्याला वाटते. वास्तविक हा शब्द पालनपोषण करणारा या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला, आणि योगायोग असा की ज्याला आपण मोरांबा म्हणतो त्याचा मूळ शब्द ‘मुरब्बा’ही त्याच अरबी धातूचा आहे. याशिवाय ‘वाकबगार’ आहे, ‘माहीर’ आहे, ‘उस्ताद’ आहे. मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि तिथेच भाषा जाणणाऱ्याची पारख होते. पोहणारा पट्टीचा असतो, चोर सराईत असतो. शल्यक्रिया ‘सराईतपणे’ करता येते, पण ‘सराईत शल्यविशारद’ म्हटले की त्या बिचाऱ्यावर संशय येतो. पुरणपोळीत एखादीचा हात धरणारे कोणी नसते, पण तिला ‘पुरणपोळीतज्ज्ञ’ म्हटले तर ती थट्टा वाटते, कारण ‘तज्ज्ञ’ला आपण अभ्यासाचा, पदवीचा आणि सल्ल्याचा वास दिला आहे.

एखाद्याला एक्स्पर्ट म्हणावे की नाही, हा प्रश्न घरात किंवा गप्पांत सैल राहिला तरी चालतो, परंतु न्यायालयात चालत नाही. तिथे त्यावर कोणाची जमीन, कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. म्हणून या शब्दाचा सर्वांत काटेकोर वापर कायद्यात सापडतो. साक्षीदाराने जे पाहिले, जे ऐकले तेवढेच सांगावे आणि त्यावरून मत बनवण्याचे काम न्यायालयाचे, हा सर्वसाधारण नियम आहे. तज्ज्ञ हा त्याला अपवाद. त्याला मत सांगण्याची मुभा असते.

इंग्लंडमधील १७८२ सालचा एक खटला या संदर्भात नेहमी सांगितला जातो. नॉरफोक परगण्यातील वेल्स या बंदरात गाळ साचत होता, आणि तो एका जमीनदाराने घातलेल्या बांधामुळे साचतो की नैसर्गिक कारणांनी, हा वाद होता. एडिस्टनचे दीपगृह बांधणारे जॉन स्मीटन हे अभियंते साक्षीला आले. गाळ साचताना त्यांनी पाहिला नव्हता, ते केवळ बंदरांच्या अभ्यासावरून मत देणार होते. असे मत साक्ष म्हणून ऐकता येईल काय, असा आक्षेप निघाला. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते ऐकता येईल असा निर्णय दिला, पण त्यात एक मर्यादा होती: शास्त्र जाणणाऱ्यांनी सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीवर, आणि आपापल्या शास्त्राच्या हद्दीत मत द्यावे. एक्स्पर्ट हे नाम त्यांनी वापरले नाही, पण ‘तज्ज्ञ’मधला ‘तत्’ त्यांच्या निर्णयात स्पष्ट आहे.

भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम ४५ मध्ये या शब्दाची व्याख्याच केली. परदेशी कायदा, शास्त्र किंवा कला यांतील मुद्द्यावर, अथवा हस्ताक्षर कोणाचे हे ठरवताना, त्या विषयात विशेष निपुण असलेल्या व्यक्तींचे मत सुसंगत मानावे, आणि अशा व्यक्तींना ‘एक्स्पर्ट’ म्हणावे, असा त्याचा आशय. बोटांचे ठसे या यादीत १८९९ मध्ये आले. त्याआधी दोनच वर्षे कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले होते. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्यात हेच कलम ३९ वे आहे आणि यादीत ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या व्याख्येत पदवीचा उल्लेख नाही. विशेष निपुणता हवी. ती अभ्यासाने आली की अनुभवाने, यावर कायद्याने अट घातलेली नाही.

१८७२ च्या त्या जुन्या कायद्याचे कलम ४७ मला अधिक बोधप्रद वाटते. हस्ताक्षर ओळखण्यासाठी तज्ज्ञच लागतो असे नाही, त्या हस्ताक्षराशी परिचित असलेल्या साध्या माणसाचे मतही चालते, असे ते सांगते. कायद्यातच दिलेल्या उदाहरणात एक व्यापारी लंडनमध्ये आहे आणि दुसरा कलकत्त्यात. लंडनहून येणारी पत्रे तपासून फाइलला लावणे हे कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या कारकुनाचे काम. त्या कारकुनाने लंडनच्या व्यापाऱ्याला लिहिताना कधीही पाहिलेले नाही, तरी हे अक्षर त्याचे आहे की नाही याबद्दल कारकुनाचे मत न्यायालय ऐकेल. तो हस्ताक्षरशास्त्राचा तज्ज्ञ नाही. या एका माणसाच्या अक्षराचा जाणकार आहे. ‘तज्ज्ञ’ आणि ‘जाणकार’ यांतील फरक इतका नेमका दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तज्ज्ञाला त्या प्रकारच्या सर्व गोष्टींचे नियम माहीत असतात, जाणकाराला समोरची ही एक गोष्ट माहीत असते. आई आपल्या बाळाच्या रडण्याची जाणकार असते, बालरोगतज्ज्ञ बाळांच्या आजारांचा तज्ज्ञ असतो, आणि चांगला डॉक्टर आईचे म्हणणे आधी ऐकून घेतो.

हुद्दा म्हणजे तज्ज्ञता नव्हे, हेही न्यायालयाने सांगितले आहे. हिमाचल प्रदेशात १९८३ मध्ये सफरचंदांवर खवल्या रोग पडला आणि सरकारने रोगट फळे विकत घेण्याची योजना काढली. काही बागायतदारांनी आपल्या बागेत पिकूच शकणार नाहीत इतकी फळे योजनेत घातली, असा आरोप झाला. बागांची उत्पादनक्षमता किती, याचा अंदाज फलोत्पादन खात्यातील एका अधिकाऱ्याने दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तज्ज्ञाने त्या विषयाचा विशेष अभ्यास केलेला असावा किंवा विशेष अनुभव मिळवलेला असावा, आणि त्याने केवळ निष्कर्ष न सांगता तो ज्या आधारावर काढला ते आधारही न्यायालयापुढे ठेवावेत, म्हणजे न्यायाधीशाला ते पारखून स्वतःचे मत बनवता येईल. त्या अधिकाऱ्याची साक्ष या मोजमापात उतरली नाही. फलोत्पादन खात्यात काम करणे वेगळे, आणि झाडाकडे पाहून त्याच्या मागील हंगामाचे उत्पन्न सांगण्यात निपुण असणे वेगळे.

तज्ज्ञता आपल्या हद्दीबाहेर का जात नाही, याचे उत्तर मानसशास्त्राने बुद्धिबळाच्या पटावर शोधले आहे. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ ॲड्रियान द ग्रूट हे स्वतः उत्तम खेळाडू होते. १९४० च्या दशकात त्यांनी श्रेष्ठ खेळाडूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. त्यांचेच काम पुढे नेत अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी सुमारे पाच सेकंद दाखवून ती आठवणीने दुसऱ्या पटावर मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने बहुतेक सोंगट्या अचूक मांडल्या, नवख्याला जेमतेम चार-पाच जमल्या. नंतर त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या. आता निष्णात खेळाडूची आघाडी जवळजवळ संपली. तोही नवख्यासारखाच अडखळला. त्याची स्मरणशक्ती सर्वसामान्यांहून मोठी नव्हती. हजारो डावांतून त्याच्या डोळ्यांत बसलेले सोंगट्यांचे समूह तो ओळखत होता, आणि मांडणीला अर्थ उरला नाही तेव्हा ओळखण्याजोगे काही उरले नाही.

हे समजले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: डोळ्यांत असे समूह बसण्यासाठी काय लागते? अंतःप्रेरणेवर अविश्वास असलेले डॅनियल कानेमन आणि अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांच्या अंतःप्रेरणेचा आदर करणारे गॅरी क्लाइन, या दोन विरुद्ध मतांच्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र बसून याचे उत्तर लिहिले. त्यांच्या मते दोन गोष्टी लागतात. विषयात स्वतःची अशी नियमितता असावी, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे माणसाला वारंवार व स्पष्टपणे कळत राहावे. भूल देणाऱ्या डॉक्टरला औषधाचा परिणाम काही क्षणांत दिसतो. कोळ्याला ओहोटीचा अंदाज चुकला तर त्याच दिवशी कळते. उलट, अमुक कंपनीचा भाव पुढच्या वर्षी किती असेल हे सांगणाऱ्याला असा शिक्षक लाभत नाही, कारण बाजारात ती नियमितता नाही आणि चूक उघड होईपर्यंत दहा निमित्ते सापडलेली असतात. तीस वर्षे त्या व्यवसायात असलेला माणूस ताळेबंद वाचण्यात तज्ज्ञ असू शकतो. उद्याचा भाव सांगण्यात तो तज्ज्ञ असण्याचे कारण नाही. एकाच माणसातले हे दोन ‘ते’ वेगळे ओळखता येणे मला फार गरजेचे वाटते, कारण पहिल्याच्या बळावर दुसरे विकले जाते आणि त्यात लोकांची आयुष्यभराची बचत जाते. ‘डॉक्टर’ किंवा ‘वकील’ म्हणून व्यवसाय करायला परिषदेची नोंदणी लागते. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यालाही २०१३ च्या नियमांनुसार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे, नोंदणी करावी लागते. ‘एक्स्पर्ट’ या शब्दाला मात्र कसलेही कुंपण नाही, तो कोणीही आपल्या नावापुढे लावू शकतो.

आता वापराबद्दल थोडे. इंग्रजीत हा शब्द एकटाही येतो. विषय सांगायचा तर त्यापुढे ‘इन’ किंवा ‘ऑन’ येते, करायची कृती सांगायची तर ‘ॲट’ येते. मराठीत तेच काम ‘-तला’ आणि ‘-तील’ करतात, किंवा समास करतो: नेत्रतज्ज्ञ, भाषातज्ज्ञ, कृषितज्ज्ञ. ‘स्पेशालिस्ट’ म्हणजे विशेषज्ञ. त्याने आपले क्षेत्र आखून घेऊन त्याचे शिक्षण घेतलेले असते. अशा शिक्षणाची पदवी कालच मिळालेला डॉक्टरही विशेषज्ञ असतो, कसलेला होण्यास त्याला वेळ लागतो. ‘एक्स्पर्टीज’ हे तज्ज्ञतेचे नाव आहे, माणसाचे नव्हे, आणि त्याचे अनेकवचन सहसा होत नाही. मराठीत ‘तज्ज्ञ’ हा शब्द स्त्रीसाठी आणि पुरुषासाठी सारखाच राहतो, आणि एकवचनी व अनेकवचनीही तोच.

ज्यांच्याकडे पदवी नाही पण कस आहे, अशांना हा शब्द लावताना आपली लेखणी अडखळते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांची बियाणी त्यांनी जमवली, पेरून पाहिली, निवडली, राखली आणि इतर शेतकऱ्यांना दिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांना प्रेमाने ‘बीजमाता’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्याविषयी लिहिताना ‘देशी बियाण्यांच्या तज्ज्ञ’ असे शब्द फारसे वाचायला मिळत नाहीत. लॅटिन अर्थाने पाहिले तर त्यांनी करून पाहिले आहे. संस्कृत अर्थाने पाहिले तर त्या ‘ते’ जाणतात. १८७२ च्या कायद्याच्या शब्दांत सांगायचे तर त्या विशेष निपुण आहेत.

केंद्र सरकारने २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी नेमलेल्या समितीच्या नावातच ‘तज्ज्ञ’ हा शब्द होता आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. २०११ च्या अहवालात या समितीने घाटाचे संवेदनशील पट्टे आखले, आणि त्याचबरोबर म्हटले की या पट्ट्यांत काय करावे व काय करू नये याचा निर्णय वरून लादू नये, तो ग्रामसभांपासून वर यावा. घाटाच्या परिसंस्थेबद्दल शास्त्रज्ञांना जे ठाऊक होते ते त्यांनी लिहिले. आपल्या गावाची देवराई, ओढा आणि चराई यांबद्दल विचारण्यासाठी मात्र त्यांनी गावाकडे बोट दाखवले.